कालवणासाठी मातीचं भांडं कसं निवडावं, कसं मुरवावं

मातीचं भांडं घेताना आधी वाजवून बघा. तळहातावर तोलून धरायचं आणि टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर भाजणी नीट झालीय. बद्द वाजलं तर कुठेतरी तडा असतो नाहीतर भांडं कच्चं राहिलेलं असतं; ते घेऊ नका. लाल घ्या किंवा काळं, दोन्ही चालतात. भट्टीला हवा मिळाली की मातीतल्या लोहामुळे लाल रंग येतो, शेवटी धूर कोंडला की काळा. आतून काचेसारखा चकचकीत लेप असलेलं मात्र आंबटासाठी घेऊ नका, त्यात शिसं असू शकतं.

ही भांडी साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या आतच भाजलेली असतात, त्यामुळे मातीत बारीक छिद्रं राहतात. माठातलं पाणी त्यांच्यामुळेच गार होतं. कालवणाच्या भांड्यात मात्र ती बुजवावी लागतात.

नवं भांडं बादलीत पूर्ण बुडवा. कान जवळ नेलात तर सूंऽऽ असा आवाज येतो आणि अंगावरून बुडबुड्यांच्या माळा वर सुटतात. बुडबुडे थांबले तरी रात्रभर राहू द्या. सकाळी त्यात तांदळाची पेज भरून अगदी मंद आचेवर तासभर उकळा आणि तशीच निवू द्या. पेजेतला स्टार्च छिद्रांत बसतो. मग भांडं वाळवून आतून खोबरेल चोळा. हे सगळं दोन-तीनदा करा. घाई केली तर पहिल्याच कालवणाला बूड पाझरतं.

रिकामं भांडं आचेवर कधीही ठेवू नका. तापलेल्यात गार पाणी ओतू नका, उतरवल्यावर ओल्या ओट्यावर टेकवू नका, चुंबळीवर, म्हणजे कापडाच्या गोल वेटोळ्यावर ठेवा. माती उष्णता धरून ठेवते, गॅस बंद केल्यावरही कालवण रटरटत राहतं. म्हणून आमच्या मालवणी घरात बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट-आंबट कालवण, शिजत आलं, की जरा आधीच आच बंद करतो. कोकमाचं आंबट मातीला बाधत नाही. अ‍ॅल्युमिनियमला मात्र ते बाधतं.

धुवायला साबण नको, तो मातीत मुरतो. गरम पाणी, चिमूटभर राख आणि नारळाची शेंडी पुरते. धुतल्यावर उन्हात कडक वाळवा, नाहीतर बुरशी धरते. माशाचं भांडं माशालाच ठेवा, दह्यासाठी दुसरं घ्या.