बीपीची गोळी रोज घेताय, तरी बीपी वरच? या चुका टाळा

मागच्या महिन्यात एक काकू दुकानात आल्या आणि हातातली पिशवी सरळ काउंटरवर उलटी केली. गोळ्यांचे चार पत्ते पडले. "गोळी बदलली तेव्हापासून पाय सुजलेत. सुजेची गोळी दुसऱ्या डॉक्टरांनी दिली, तिनंही काही होत नाही. तुम्हीच बघा आता."

इंदूरच्या रामबागेत मेडिकल चालवायचं म्हणजे अशा पिशव्या रोजच्याच. पत्ते उलटे करून बारीक अक्षरं वाचली. जुन्यात अ‍ॅम्लोडिपिन ५ एमजी. नव्यात टेल्मिसार्टन ४० आणि सोबत पुन्हा अ‍ॅम्लोडिपिन ५. डॉक्टरांनी जुनी बंद करून नवी दिली होती, काकूंनी जुनी चालू ठेवून नवी जोडली होती. झाले रोजचे १० एमजी. या औषधानं घोट्यांना सूज येऊ शकते आणि डोस वाढला की सूजही वाढते. ती अंगात जास्तीचं पाणी साठल्यानं येत नाही. बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यांतून पाणी झिरपतं, म्हणून सुजेवर दिलेल्या लघवीच्या गोळीनं ती फारशी उतरत नाही. एका चुकीपायी दुसरी गोळी मागे लागली ती अशी.

म्हणून नवी गोळी आली की पहिला प्रश्न हाच विचारा: जुनी बंद का चालू? कंपनीच्या नावावर जाऊ नका, खालचं औषधाचं नाव वाचा. नावापुढं 'एएम' असेल तर बहुधा आत अ‍ॅम्लोडिपिन असतं, 'एच' असेल तर लघवीची गोळी. ही शेपटी न बघता "तीच ती पांढरी गोळी द्या" म्हणणारी मंडळी आमच्याकडं रोज येतात.

"नॉर्मल आलं, म्हणून बंद केली"

सगळ्यांत जास्त ऐकतो ते हे. नॉर्मल आलं ते गोळीमुळं, हे सांगूनही पटत नाही, कारण बंद केल्यावर दोन-तीन दिवस खरोखरच काही होत नाही. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून निम्मं जायलाच ३० ते ५० तास लागतात. माणूस तिसऱ्या दिवशी मोजतो, १३० दिसतं, आणि "मी तर बराच झालो" म्हणत सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री भुट्ट्याचा किस खायला निघतो. बीपी पुन्हा चढतं तेव्हा गोळीची आठवणही राहिलेली नसते.

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिन चालू असेल तर मात्र एवढी सवड मिळत नाही. ही औषधं एकदम तोडली तर बीपी उसळतं, छातीत धडधड होते, हृदयाचा त्रास असलेल्याला अटॅकही येऊ शकतो. गावाला जाताना गोळ्यांचा पत्ता घरी राहिला तर तिथल्या मेडिकलवर चिठ्ठीचा फोटो दाखवा. तेवढ्यासाठी तो मोबाइलमध्ये असलाच पाहिजे.

एखादी वेळ चुकली तर त्याच दिवशी आठवताच घ्या. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका, चक्कर येऊन बाथरूममध्ये पडाल.

तपासणीच्या दिवशीच उपास

डॉक्टरांकडं जायचं म्हणून सकाळची गोळी घेतलीच नाही, "रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं ना!" तिथं बीपी भरतं १७०. डॉक्टर बिचारे समोरचा आकडा बघून डोस वाढवतात. घरी आल्यावर हा माणूस वाढलेला डोस नेमानं घेतो आणि चौथ्या दिवशी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढं अंधारी. रक्त द्यायचं असलं तरी बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर सहसा घेता येते, लॅबमध्ये विचारून ठेवा. शुगरच्या गोळीचं तसं नाही, ती उपाशीपोटी घेऊ नका. आणि बीपीची घेतली नसेल तर आत गेल्यागेल्या सांगा. डॉक्टर ओरडतील, ओरडू द्या. चतुर्थी-एकादशीलाही हेच: पाणी चालत असेल तर बीपीची गोळीही चालते.

मशीन खोटं बोलतं का?

कधीकधी. पण बरेचदा आपणच बोलत असतो, अगदी शब्दशः. पट्टा फुगत असताना फोनवर "हो हो, मोजतेय" म्हटलं तरी आकडा चढतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, गप्प पाच मिनिटं बसा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर बांधा, स्वेटरवरून नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्यानं बीपी जास्त दिसतं. चहा किंवा तंबाखू झाली असेल तर अर्धा तास थांबा. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरी १३५/८५. दिवसातून दहादा मोजणाऱ्यांचं बीपी मोजण्यानंच वाढतं, असं माझं मत आहे.

गोळी बरोबर, सोबत चुकीची

गुडघे दुखतात म्हणून रोज आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं तर बीपीच्या गोळीचा जोर कमी होतो. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि हे पेनकिलर असं त्रिकूट जमलं तर किडनीवर ताण येतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलएफ्रिन असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. काढ्यातलं ज्येष्ठमध रोज गेलं तर तेही बीपी चढवतं, शिवाय पोटॅशियम उतरवतं. "आयुर्वेदिक आहे, त्यानं काय होतंय" म्हणत ही माहिती डॉक्टरांपासून दडते.

आणि इंदूरचं म्हणाल तर पोह्यांवरची शेव आणि जीरावन, म्हणजे वरून भुरभुरायचा मसाला. जीरावनात काळं मीठ असतं, काळं मीठ म्हणजे मीठच, सैंधवही मीठच. दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. मी स्वतः शेव सोडलेली नाही, मूठभरावरून चिमटीवर आणली. 'लो सोडियम' मीठ आणण्याआधी मात्र विचारा. त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल, त्यात किडनी नाजूक असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते.

रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल सुरू झाल्यापासून कोरडी ढास लागली असेल तर खोकल्याच्या बाटल्या रिचवू नका. औषध बदलून मिळतं. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर या दोन्ही गोळ्या आणि टेल्मिसार्टन चालत नाहीत, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मे महिन्यात जुलाब-उलट्या लागल्या तरीही फोन करा, काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात.

टेल्मिसार्टन हवेतला ओलावा ओढतं. आठवड्याच्या गोळ्या सोलून डबीत भरू नका, घ्यायच्या वेळीच पत्त्यातून काढा.

बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा नजर धूसर होणं, यांतलं काहीही असेल तर १०८ लावा. यांतलं काही नसेल तर शांत बसून पुन्हा मोजा. तरी तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मनानं जास्तीची गोळी घेऊ नका. निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली द्यायची जुनी रीत अजून काहींच्या लक्षात आहे. तसं करू नका, बीपी धाडकन खाली आलं तर मेंदूला रक्त कमी पडतं.

त्या काकूंच्या डॉक्टरांना मी दुकानातूनच फोन लावून दिला. जुनी गोळी बंद झाली, सुजेची बंद झाली. पंधरा दिवसांनी चपला नीट घालून आल्या आणि जुना पत्ता पुढं केला. सहा गोळ्या उरल्या होत्या. "परत घ्याल का?" म्हटलं, कापलेला पत्ता नाही घेता येत. "बरं," म्हणाल्या, "मग शेजारच्या वहिनींना देते, त्यांनाही बीपीच आहे." पत्ता मी काउंटरच्या आतच ठेवून घेतला.