स्टोमा की स्ट्रोमा? अकरावीच्या बायोलॉजीत या चुका टाळा

दहावी मराठी माध्यमातून करून मुंबईतल्या कॉलेजात सायन्स घेतलं की पहिल्या चाचणीतच हा घोळ होतो. आकृती सुबक, सारख्या वाटणाऱ्या नावांची मात्र अदलाबदल. गाइडं ही नावं जोडीनं पाठ करायला लावतात. माझ्या मते गडबड तिथेच सुरू होते: जोडीनं पाठ केलेलं जोडीनंच आठवतं, मग कुठलं कोणतं ते सांगता येत नाही.

स्टोमा म्हणजे पानावरचं छिद्र, स्ट्रोमा म्हणजे हरितलवकातला द्रव. प्रकाशसंश्लेषणाच्या उत्तरात दोन्ही लागतात. कार्बन डायऑक्साइड स्टोमातून आत येतो आणि स्ट्रोमातल्या केल्विन चक्रात, म्हणजे साखर बनवणाऱ्या अभिक्रियांत, वापरला जातो. ‘केल्विन चक्र स्टोमात चालते’ असं लिहिलंत की गुण गेलेच.

त्यातच फुलातले स्टिग्मा (कुक्षी) आणि स्टेमेन (पुंकेसर) घुसतात. दादरच्या फूलबाजारातून जास्वंद आणा. साधं पाच पाकळ्यांचं, गेंदेदार नको. मधल्या दांड्याच्या अगदी टोकाला पाच मखमली ठिपके दिसतील, ते स्टिग्मा. त्याखाली दांड्याभर पिवळे परागकोश, ते स्टेमेनचे. बोटाला पिवळी पूड लागली तर तुम्ही स्टेमेनला हात लावलाय.

सगळ्यात जास्त गुण खातात ते ‘एन्कायमा’वाले, म्हणजे वनस्पतीच्या ऊतींची (पेशीसमूहांची) नावं. शेवट सारखा, म्हणून सुरुवात बघायची आणि नववीतलं मराठी नाव आठवायचं. पॅरेन्कायमा ही मूल ऊती: पातळ भित्तिका, जिवंत पेशी, बटाट्यात स्टार्च साठतो तो हिच्यातच. कोलेन्कायमा ही स्थूलकोन ऊती, म्हणजे कोपरे जाड, पण पेशी जिवंतच. कोवळा देठ वाकतो, मोडत नाही, तो हिच्यामुळे. स्क्लेरेन्कायमा ही दृढ ऊती: भित्तिकेत लिग्निन हा टणक करणारा पदार्थ, आणि पेशी पूर्ण वाढल्यावर बहुधा मृत. पेरू खाताना गरात कचकच लागते ती हिच्याच अश्मपेशींची, आणि नारळाचा काथ्याही हिचाच. ‘कोलेन्कायमा मृत असते’ हे वाक्य उत्तरपत्रिकांतून काही केल्या जात नाही. एरेन्कायमाला मात्र चौथी वेगळी ऊती धरू नका. हवेच्या पोकळ्या असलेली ती पॅरेन्कायमाच. कमळकाकडीची चकती कापून बघा.

ट्रॅकिड, ट्रॅकिया, ट्रायकोम यांपैकी पहिल्या दोन जलवाहिनीतल्या, म्हणजे झाडात पाणी वाहून नेणाऱ्या ऊतीतल्या. ट्रॅकिडची टोकं बंद, ट्रॅकियाच्या पेशी टोकाला उघड्या आणि एकापुढे एक जोडलेल्या. माणसाच्या श्वासनळीलाही ट्रॅकियाच म्हणतात, तेव्हा प्रश्न वनस्पतीचा की प्राण्याचा हे आधी वाचा. ट्रायकोम म्हणजे पानाखोडावरची लव. तुळशीचा वास येतो तो तिच्यातल्या ग्रंथींमुळे.

राहता राहिले देठ. अळूच्या पानाचा तो पेटिओल, फुलाचा तो पेडिसेल.