पिटुकल्या डान्स फ्लाय कशा ओळखाव्यात

डान्स फ्लाय म्हटलं की हवेत नाचणारे थवे आठवतात. टॅकिड्रोमिइनी उपकुळातल्या बहुतेक माश्या मात्र त्या भानगडीत पडत नाहीत. जेमतेम १ ते ५ मिलिमीटरच्या या शिकारी माश्या पानांवर, झाडांच्या खोडांवर, दगडांवर झपाझप धावताना दिसतात. शोधायचं ते तिथेच.

पकडणं सोपं आहे. गवत-झुडपांवरून जाळं फिरवा, किंवा पिवळ्या थाळीत पाणी घेऊन साबणाचा एक थेंब टाका आणि ती जमिनीवर ठेवा. खोडावरची माशी काचेच्या नळीने अलगद झाकता येते. नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. ठिकाण, तारीख आणि माशी कशावर होती याची चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहून बाटलीत टाका, कारण साधी शाई अल्कोहोलमध्ये पसरते.

आता स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली आधी पंख बघा. रंगापासून सुरुवात केली की हमखास फसगत होते. टॅकिड्रोमिइनीत पंखाच्या बुडाशी दोन लांबट कप्पे (शिरांनी वेढलेल्या जागा) असतात, त्यांच्यापुढे मात्र एकही आडवी शीर नसते. लांब शिरा फाटे न फुटता थेट कडेपर्यंत जातात. डोलिकोपोडिडी कुळातल्या हिरव्या झळाळीच्या माश्यांच्या पंखात पुढे एक आडवी शीर असते. एम्पिडिडीत, म्हणजे मोठ्या डान्स फ्लायच्या कुळात, चौथी-पाचवी अरीय शीर (R4+5 ही एकच लांब शीर) अनेकदा टोकाशी दुभंगते. फोरिडी कुळातल्या कुबडवाल्या माश्यांच्या शिरा पुढच्या कडेला जाड आणि बाकीच्या पंखात फिकट, तिरप्या असतात.

ओळख पटवायला जुनी तक्ता-पुस्तकं वापरत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा गट पूर्वी एम्पिडिडीतच धरला जाई. १९८३ मध्ये मिलान ख्वाला यांनी हायबोटिडी हे स्वतंत्र कुळ मानलं आणि टॅकिड्रोमिइनी त्यात गेली.

प्रजातीसमूह, म्हणजे जीनस, ठरवायला पाय बघा. माझ्या मते या गटाची खरी गंमत पायांतच आहे. प्लॅटिपॅल्पसच्या मधल्या पायाची मांडी फुगलेली असते, खालच्या बाजूला काट्यांच्या दोन रांगा असतात आणि नळीच्या, म्हणजे पायाच्या मांडीपुढच्या भागाच्या, टोकाला बहुधा एक टोकदार खिळा असतो. नळी मिटली की भक्ष्य अडकित्त्यातल्या सुपारीसारखं सापडतं. युरोपातल्या शेतांत ही माशी भरपूर आढळते आणि लहान माश्या खाते. तिच्या पंखात मागच्या बाजूला गुदकप्पा असतो. टॅकिड्रोमिया आणि ड्रॅपेटिसमध्ये तो नसतो. टॅकिड्रोमिया सडपातळ असते, पंखांवर बऱ्याचदा दोन गडद पट्टे असतात आणि ती खोडावर झटके देत पळते. ड्रॅपेटिस ठेंगणी, बहुधा चकचकीत काळी. आशियाच्या उष्ण भागात एलाफ्रोपेझा जास्त भेटते. सिंगापूरच्या खारफुटीतून तिच्या अनेक जाती वर्णिल्या गेल्या आहेत. ती बऱ्याचदा पिवळसर असते. तिच्या मागच्या नळीवर पुढच्या-वरच्या बाजूला ठसठशीत ताठ केस असतात, ते मोजा.

जातीपर्यंत पोचायचं तर नर हवा. एकट्या प्लॅटिपॅल्पसमध्ये ५०० हून अधिक जाती आहेत. पायांचा रंग, स्पर्शिकेची लांबी आणि छातीवरची राखाडी भुकटी कुठे आहे, कुठे नाही, यांवरून गट पडतात; निर्णय बहुधा पोटाच्या टोकाशी असलेल्या जननांगांवर होतो. टोक अलगद वेगळं करून कोमट १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये स्वच्छ होईपर्यंत ठेवा (हातमोजे घालून, हे द्रावण कातडी भाजतं), पाण्याने धुवा आणि ग्लिसरीनमध्ये बघा. ही जननांगं उजवीकडे वळलेली आणि दोन्ही बाजूंनी असमान असतात. म्हणून डावी, उजवी आणि वरची अशी तिन्ही चित्रं काढा. एकाच बाजूचं चित्र तक्त्याशी ताडून काही हाती लागत नाही. हाती फक्त मादी असेल तर बहुतेकदा ‘प्लॅटिपॅल्पस, जात अनिश्चित’ एवढंच लिहा आणि नमुना जपून ठेवा.