नदी सुरय की कल्लेदार सुरय? आधी शेपूट बघा

हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात, चापडगावच्या बाजूला उभं राहिलं की पाण्यावर फिरणारे सगळे पांढुरके सुरय पक्षी (इंग्रजीत टर्न) सारखेच वाटतात. कल्लेदार सुरयाला गालांवरच्या ज्या पांढऱ्या कल्ल्यांवरून नाव पडलं, ते खुलून दिसतात विणीच्या पिसाऱ्यात, काळसर पोटामुळे. थंडीत पोटही पांढरं, म्हणजे कल्ले शोधण्यात अर्थ नाही.

शेपूट बघा. नदी सुरयाची लांब, खोल दुभंगलेली. कल्लेदारची आखूड, जेमतेम खाच असलेली. मग चोच. नदी सुरयाची जाड, पिवळी, थंडीत टोकाशी काळपट. कल्लेदारची काळी.

ऊन डोळ्यांवर आलं की रंग कळत नाही (दुर्बिणीतही नाही!). अशा वेळी मी फक्त शिकार बघतो. नदी सुरय मान खाली घालून पाण्याचा अंदाज घेत उडतो आणि मासा दिसला की धपकन सूर मारतो. कल्लेदार सहसा बुडत नाही. पाणवनस्पतींवरून हळूहळू जात, मध्येच झुकून वरच्यावर किडा टिपतो. वाळूच्या पट्ट्यावर दोघं शेजारी बसले तर मग प्रश्नच नाही, कल्लेदार अगदीच लहानखुरा दिसतो.