टीसीबीएस प्लेट ओतण्यापूर्वी

पावसाळ्याच्या तोंडावर जुलाबाचे नमुने वाढू लागतात. त्याआधीच पटकीच्या (कॉलऱ्याच्या) जंतूसाठी लागणाऱ्या टीसीबीएस माध्यमाची, म्हणजे ज्यावर हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखतात त्या थायोसल्फेट-सायट्रेट-पित्तक्षार-सुक्रोज अगारची, तयारी झालेली असावी. सर्वप्रथम पावडरीचा डबा उघडून पाहावा. ही पावडर हवेतील ओलावा चटकन शोषते, त्यामुळे तिच्या गुठळ्या झाल्या असतील, तर मुदत शिल्लक असली तरी ती वापरू नये. डब्यावर दिलेले प्रमाण, जे बहुधा लिटरला 89 ग्रॅमच्या आसपास असते, मास्क लावून तोलावे आणि फ्लास्क द्रावणाच्या दुप्पट मापाचा घ्यावा, कारण उकळताना फेस वर येतो.

यापुढची गोष्ट मी प्रत्येक नव्या तंत्रज्ञाला शेजारी उभे राहून दाखवते: हे माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालायचे नाही. त्यातील पित्तक्षार, सायट्रेट आणि 8.6 इतका अल्कधर्मी पीएच हेच इतर बहुतेक आतड्यातील जंतूंना रोखतात, आणि जास्त उष्णतेने माध्यम बिघडते. सतत हलवत उकळी आणावी, फ्लास्क उजेडासमोर धरून काचेवर अगारचा (माध्यम गोठवणाऱ्या पदार्थाचा) एकही चकचकीत कण उरला नाही ना ते पाहावे, आणि 50 अंशांपर्यंत निवल्यावर लगेच प्लेट ओताव्यात. ओतलेल्या प्लेट नीट कोरड्या होऊ द्याव्यात. पृष्ठभागावर पाणी राहिले तर वसाहती (जंतू वाढून दिसणारे ठिपके) एकमेकींत मिसळतात.

प्रत्येक नव्या घाण्याची परीक्षा नमुन्यांआधी घ्यावी. व्हिब्रिओ कॉलरीचा, म्हणजे पटकीच्या जंतूचा, प्रमाणित स्ट्रेन (ओळख पक्की असलेला वाण) सुक्रोज (साखर) आंबवून पिवळ्या वसाहती देतो, त्याच्याच कुळातल्या व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसच्या वसाहती हिरव्या राहतात आणि ई. कोलायची वाढ दबलेली दिसली पाहिजे.

नमुन्यातील पटकीचे जंतू आधी वाढवून घेण्यासाठी अल्कलाइन पेप्टोन वॉटर या द्रव माध्यमाच्या नळ्याही सोबतच तयार ठेवाव्यात. नमुना घातल्यावर 6 ते 8 तासांनी नळी न हलवता लूप (जंतू उचलायची तारेची कडी) वरच्या थरातूनच भरावा, कारण पटकीचा जंतू हवेसाठी पृष्ठभागाशी जमतो.

टीसीबीएसवरील वसाहतीची ऑक्सिडेज चाचणी (जंतू ओळखण्याची एक रासायनिक चाचणी) थेट केल्यास आम्लामुळे चुकीचा नकार मिळू शकतो, तेव्हा वसाहत आधी ज्यावर वाढवून घ्यायची त्या साध्या न्यूट्रिअंट अगारच्या प्लेटही त्याच दिवशी ओताव्यात. शिवाय पिवळ्या वसाहती फ्रिजमध्ये ठेवल्यास हिरवट पडू शकतात, म्हणून 18 ते 24 तासांनी प्लेट इनक्युबेटरमधून काढताच पाहून नोंद करणारी व्यक्ती कोण, हे आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवावे.