मनी प्लांट खुंटलाय? खताआधी मुळं पाहा

रोप वाढेनासं झालं की पहिला हात खताच्या पुडीकडे जातो. खत मात्र सगळ्यात शेवटी. उजेड अपुरा असेल किंवा मुळं कुजली असतील तर रोप ते उचलतच नाही. क्षार मातीत साठतात आणि पानांच्या कडा करपतात.

थंडीत वाढ मंदावतेच. तेव्हा पाणी कमी करा आणि रोपाला त्याच्या मनाने राहू द्या. पावसाळ्यातही महिनाभर नवं पान आलं नाही, तर मग शोध घ्या.

उजेड. पेरांमधलं (पान फुटतं त्या गाठींमधलं) अंतर लांबलंय, नवी पानं जुन्यांहून लहान आहेत, पिवळे पट्टे पुसट झालेत? कुंडी खिडकीपासून दोन-तीन फुटांत आणा. दुपारचं थेट ऊन टाळा.

मुळं. कुंडी आडवी धरा, कडेने थोपटा आणि मातीचा गोळा अलगद बाहेर काढा. पांढरट, टणक मुळं गोळ्याभोवती वेढे घालून बसली असतील तर कुंडी अपुरी पडतेय. नवी कुंडी २ इंचच मोठी घ्या. फार मोठी घेतली तर जादा माती ओली राहून मुळं कुजतात. काळी, लिबलिबीत मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाका आणि रोप त्याच मापाच्या किंवा लहान कुंडीत लावा.

तिसरा प्रकार घरोघरी दिसतो: नर्सरीतली लाल माती विटेसारखी घट्ट झालेली. वरून घातलेलं पाणी कडेने उतरून ताटलीत येतं, गोळ्याचा गाभा कोरडाच. आपल्याला वाटतं, पाणी तर रोज घालतोय! कडेची माती बोटांनी मोकळी करा. नवं मिश्रण असं: २ भाग माती, १ भाग गांडूळखत, १ भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडी जाड वाळू. तळाची भोकं उघडी हवीत.

पाणी बोट घालून ठरवा. बोटाची दोन पेरं आत कोरडं लागलं, तरच घाला.

कुंडी बदलल्यावर महिनाभर खत नको. नंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला १ ग्रॅम, दर १५ दिवसांनी, ओल्या मातीतच. थंडीत बंद.

बाटलीतला मनी प्लांट मुळातच सावकाश वाढतो, कारण साध्या पाण्यात त्याला फारसं खाद्य नसतं. पाणी आठवड्याला बदला; मोठी पानं हवी असतील तर त्याला मातीत लावून मॉस स्टिकवर (शेवाळ गुंडाळलेल्या काठीवर) चढवा. उघडी पडलेली लांब वेल पेराच्या जरा वर छाटा. त्या पेरातून नवा फुटवा येतो, आणि कापलेले तुकडे त्याच कुंडीत खोचले की ती भरते.