नको तो रोल आला तरी लॉबी सोडू नका

लहानपणी आमच्या चाळीत लाईट गेली की राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या निघायच्या, आणि माझ्या चिठ्ठीत चोर आला की माझे कान लाल व्हायचे. शिपाई झालेला पोरगा विचारसुद्धा करायचा नाही, कान बघायचा आणि बोट दाखवायचा. पुढे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांसारखा मीपण अमंग अस हा ऑनलाइन गेम (स्पेसशिपवर टास्क म्हणजे कामं करणारे क्रूमेट, त्यांच्यात लपलेले मोजके खुनी म्हणजे इम्पोस्टर, आणि मीटिंग घेऊन मतदानाने संशयिताला बाहेर काढायचं) खेळायला लागलो तर तेच, फक्त कान दिसत नव्हते म्हणून आवाज कापायचा. स्क्रीनवर लाल अक्षरात इम्पोस्टर आलं की मी "नेट गेलं रे" म्हणून बाहेर. तीन-चार वेळा खपलं, मग ग्रुपवालेच म्हणाले की ह्याचं नेट बरोबर इम्पोस्टर झाल्यावरच कसं जातं.

तर ज्यांची अशीच तंतरते त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिलं म्हणजे सोडायचं नाही. मी सरळ ठरवलं की दहा गेम इम्पोस्टर म्हणून हरायचे, मोजून दहा, त्याच्या आत स्वतःला नावं ठेवायची नाहीत. जमलं तर ओळखीच्या लोकांचीच लॉबी (म्हणजे खेळायचा ग्रुप) बनवा आणि होस्टला सांगून डिस्कशनचा टाइम वाढवून घ्या, नवीन माणसाला बोलायला सुचेपर्यंत व्होटिंग संपलेलं असतं.

आणि एक गोष्ट डोक्यात बसली की भीती निम्मी होते. ह्या सगळ्या गेम्सचं मूळ माफिया नावाचा पार्टी गेम, तो १९८६ साली मॉस्कोत दिमित्री दाविदोव्ह नावाच्या सायकॉलॉजीच्या विद्यार्थ्याने काढला, आणि त्याची मेख एवढीच आहे की मोजक्या लोकांना सगळं माहीत आणि बाकी गर्दीला काहीच माहीत नाही. म्हणजे तुम्ही इम्पोस्टर आहात तेव्हा त्या खोलीत सगळ्यात जास्त माहिती तुमच्याकडे आहे! घाबरायचं त्यांनी.

आता टास्कचं नाटक, कारण इम्पोस्टरला खरे टास्क नसतात, करतोय असं फक्त दाखवायचं. इथे नव्वद टक्के नवखे मरतात (आकडा माझ्या मनाचा, पण बघा तुम्ही). मेडबे ह्या दवाखान्याच्या खोलीतला स्कॅन कधीच फेक करू नका, व्हिज्युअल टास्क चालू असतील तर खरा स्कॅन बाजूच्याला दिसतो आणि तुमचा दिसणार नाही. ॲडमिन नावाच्या खोलीत कार्ड स्वाईप करायला जाताना आधी दुसरं कुणी करतंय का बघा, कारण ते कॉमन टास्क आहे, असलं तर सगळ्यांना असतं नाहीतर कुणालाच नसतं, मी एकटाच तिकडे जाऊन उभा राहिलो आणि पुढच्या मिनिटाला बाहेर. वर हिरवा बार दिसत असेल तर तो हलला की मगच पॅनलपासून निघा, दुसऱ्या कुणाचंतरी टास्क पूर्ण झालेलं असतं, क्रेडिट तुम्ही घ्या.

बोलण्यात माझी चूक वेगळीच होती आणि ती कळायला वही लागली. प्रत्येक गेमनंतर एकच ओळ लिहायची, माझ्यावर पहिला संशय कुणाला आणि कधी आला, आणि ते आपण आठवून नाही, त्या माणसालाच विचारून. सात-आठ ओळी झाल्यावर दिसलं की मर्डर करताना मला कुणी बघतच नव्हतं. मी पकडला जायचो ते मीटिंग सुरू झाल्यावर, कारण सगळ्यात आधी मीच "मी तर स्टोरेजला होतो, मग कॅफेटेरिया, मग वेपन्स" अशी अख्खी टाइमटेबल वाचायचो, कुणी विचारलेलं नसताना. आता मी खरा रस्ताच सांगतो, जिथे जिथे खरंच गेलो ते, फक्त त्यातली एक खोली गाळतो. खोटं जेवढं कमी तेवढं लक्षात ठेवायला कमी.

दुसरी ओळ वारंवार यायची ती म्हणजे "आज हळू बोलत होतास". अरे बाबा, लालबागला एक खोलीचं घर, रात्री साडेअकराला आई-बाबा झोपलेले, मी बाहेर गॅलरीत उभा राहून कुजबुजणार नाहीतर काय करणार. पण घोळ हा होता की क्रूमेट असताना मी बिनधास्त बोलायचो (आईच्या शिव्या खाऊन) आणि इम्पोस्टर झालो की आपोआप आवाज खाली. म्हणून आता कुठलाही रोल असो, कुजबूजच. चांगला इम्पोस्टर व्हायचं असेल तर क्रूमेट असताना कसे वागता ते आधी बघा, दोन्हीकडे सेम दिसला पाहिजेत. आणि लोकलमध्ये खेळू नका, मीटिंगमध्ये टाईप करायला दोन हात लागतात आणि विरार फास्टमध्ये एक हात कायम वर हँडलला.

मेल्यावर फोन खाली ठेवून चहा करायला जाऊ नका प्लीज, खरं शिक्षण तिथेच आहे. भूत झालात की सगळ्यांना बघता येतं, भिंतीतून जाता येतं, क्रूमेट असाल तर राहिलेले टास्क उरकता उरकता जो मस्त खेळतो त्याच्या मागे फिरा. आमच्या ग्रुपात एका मित्राची बायको आहे, आम्ही सगळे वहिनीच म्हणतो. वहिनी इम्पोस्टर असली की पहिल्या मीटिंगला कुणावर आरोप करत नाही, उलट "कशाला बिचाऱ्याला काढताय, थांबा ना एक राऊंड" म्हणून एका निष्पापाला वाचवते. तो बिचारा शेवटपर्यंत तिच्या बाजूने भांडतो. मी भूत होऊन हे चार वेळा बघितलं तेव्हा कुठे डोक्यात घुसलं.

टाऊन ऑफ सेलम ह्या माफियासारख्याच ऑनलाइन गेममध्ये (माफिया रात्री मारतात, गाव दिवसा मत देऊन संशयिताला फाशी देतं) तर रोलच रोल. जेस्टरला फाशी मिळाली की तो जिंकतो, म्हणून लोक पहिल्याच दिवशी "मी माफिया आहे" ओरडतात आणि कुणी ढुंकून बघत नाही. त्यापेक्षा घाईघाईत खोटं बोलणाऱ्या माफियासारखे वागा, शेरिफ (गावाच्या बाजूने तपास करणारा) असल्याचा दावा करा आणि तपशिलात अडखळा. एक्झिक्युशनरला आपला एक टार्गेट फाशी चढवायचा असतो, तो रात्री मेला तर तुम्हीच जेस्टर होता, म्हणून रडू नका, डाव फक्त बदलतो. मीडियम मला आधी फालतू वाटायचा, पहिल्या रात्री बोलायला मेलेलंच कुणी नसतं ना. पण नंतर मेलेले रात्री तुमच्याशी बोलतात, कोण कोणाकडे गेलं होतं ते सांगतात, ते सगळं रोजच्या रोज विलमध्ये (म्हणजे गेममधल्या मृत्युपत्रात) लिहून ठेवा म्हणजे तुम्ही मेलात तरी टाऊनला मिळतं. विल रिकामं ठेवून मरणाऱ्यांचा मला अजून राग येतो, त्यात मीपण होतो.

माझे दहा गेम झाले, आठ हरलो. कान अजून लाल होतात, व्हिडिओ कॉल लावून खेळत असाल तर कॅमेरा तेवढा बंद ठेवा, आणि इम्पोस्टर नसतानाही बंदच ठेवा.